प्रमाणपत्राला वजन कसं आणायचं: राष्ट्रीय पात्रता चौकट आणि सोलापूरचा माग

अक्कलकोट रोड एमआयडीसीतला यंत्रमाग कारखानदार नवा कामगार घेतो तेव्हा त्याचं प्रमाणपत्र क्वचितच उघडून बघतो. तो त्याला मागावर उभा करतो. तुटलेला धागा सांधायला किती वेळ लागतो, माग थांबल्यावर आधी हात कुठे जातो, स्वतः दोष शोधतो की लगेच जॉबरला, म्हणजे मागांची दुरुस्ती बघणाऱ्या कारागिराला, हाक मारतो, एवढं बघितलं की मालकाचा निर्णय झालेला असतो. ही परीक्षा खरी आहे, पण ती त्या एका शेडपुरती आहे. तोच कामगार उद्या भिवंडीला किंवा इचलकरंजीला गेला तर त्याला पुन्हा पहिल्यापासून स्वतःला सिद्ध करावं लागतं. वीस वर्षं माग चालवलेला माणूस आणि दोन महिन्यांपूर्वी आलेला पोरगा कागदावर सारखेच दिसतात.

हे दुखणं दूर करायचं काम राष्ट्रीय पात्रता व्यवस्थेचं आहे. एका ठिकाणी घेतलेली परीक्षा दुसऱ्या ठिकाणच्या अनोळखी माणसाला ग्राह्य वाटली पाहिजे, इतकी साधी तिची अपेक्षा आहे. ती पूर्ण करायला काय काय करावं लागतं, ते इथे पायरीपायरीने मांडतो. आयटीआयचे निदेशक, महाविद्यालयांच्या अभ्यास मंडळावरचे प्राध्यापक, कारखानदारांच्या संघटनांचे पदाधिकारी आणि प्रशिक्षण देणाऱ्या संस्था यांच्यासाठी हा लेख आहे. उदाहरण टेरी टॉवेलच्या मागाचं घेतलं आहे, कारण सोलापुरी चादरीप्रमाणे इथल्या टॉवेललाही जीआय, म्हणजे भौगोलिक, मानांकन आहे. मालाला मानांकन मिळतं, पण तो विणणाऱ्या हाताला नाही, ही गोष्ट मला बोचते.

आधी चौकट समजून घ्या

राष्ट्रीय कौशल्य पात्रता चौकट, म्हणजे एनएसक्यूएफ, डिसेंबर २०१३ मध्ये अधिसूचित झाली. तेव्हा तिच्यात १० स्तर होते. २०१८ मध्ये एनसीव्हीईटी ही व्यावसायिक शिक्षण-प्रशिक्षणाची नियामक परिषद अधिसूचित झाली आणि २०२० पासून तिने काम सुरू केलं. २०२३ मध्ये चौकट सुधारली, स्तर ८ झाले आणि मध्ये अर्धे स्तरही आले. त्याच वर्षी राष्ट्रीय श्रेयांक (क्रेडिट) चौकट, एनसीआरएफ, आली. तिने शाळा, महाविद्यालय आणि कौशल्य शिक्षण एका मोजपट्टीवर आणलं: ३० तासांच्या अध्ययनाला १ श्रेयांक, वर्षाचे १२०० तास आणि ४० श्रेयांक. दहावी म्हणजे स्तर ३, बारावी म्हणजे ४, पदवीचं पहिलं वर्ष ४.५, तिसरं वर्ष ५.५ आणि पीएचडी ८.

इथे एक घोटाळा नेहमी होतो. १९९४ मध्ये स्थापन झालेली नॅक ही संस्था महाविद्यालयांचं मूल्यांकन करते. तिची श्रेणी त्या महाविद्यालयाबद्दल सांगते. अमुक विद्यार्थ्याला अमुक काम येतं की नाही, याबद्दल ती काहीही सांगत नाही. संस्थेचा दर्जा, अभ्यासक्रमाचा दर्जा आणि एका उमेदवाराच्या प्रमाणपत्राचा दर्जा या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. हा लेख मुख्यतः तिसऱ्या गोष्टीबद्दल आहे, कारण सर्वांत जास्त दुर्लक्ष तिच्याकडेच होतं.

पहिली पायरी: हे प्रमाणपत्र कोणाला हवंय?

अभ्यासक्रम लिहायला बसण्याआधी पंधरा-वीस कारखान्यांत जा. फक्त मालकांशी बोलून थांबू नका. जॉबर, मुकादम, वाइंडिंगला, म्हणजे धागा गुंडाळायला, बसणाऱ्या बाया आणि मागावरचे कामगार या सगळ्यांशी बोला. मालकाला एकच नेमका प्रश्न विचारा: 'हे प्रमाणपत्र असलेला आणि नसलेला असे दोन जण दारात उभे असतील, तर तुम्ही कोणाला जास्त मजुरी द्याल? किती?' 'प्रशिक्षण चांगलंच असतं हो' असं उत्तर आलं तर ती मागणी नव्हे. 'अमुक काम येत असेल तर नगामागे एवढे जास्त देईन' असं उत्तर आलं तर ती मागणी.

मागणी सापडली नाही तर पात्रता, म्हणजे ठरलेल्या निकषांवर मिळणारं नवं प्रमाणपत्र, तयार करू नका. चार दिवसांची कार्यशाळा घ्या, लोकांना जे हवंय ते शिकवा आणि मोकळे व्हा. इंग्लंडमध्ये २०११ साली वुल्फ अहवालाने हेच स्पष्टपणे दाखवलं होतं. सोळा ते एकोणीस वयाची किमान साडेतीन लाख मुलं अशा शिक्षणात अडकली होती, ज्याचा नोकरीच्या बाजारात त्यांना फारसा उपयोग नव्हता. प्रमाणपत्रं होती, पण त्यांना विचारणारं कोणी नव्हतं.

मागणी सापडली तर राष्ट्रीय पात्रता नोंदवहीत शोध घ्या. तशी पात्रता आधीच मंजूर असेल तर तीच स्वीकारा आणि इथल्या गरजेनुसार जोड द्या. एकाच कामाच्या पाच पात्रता झाल्या तर मालकाला पाचही सारख्याच निरर्थक वाटतात.

दुसरी पायरी: काम जवळून बघा

ही पायरी टेबलावर बसून होत नाही. टेरी टॉवेलच्या मागापाशी एक पूर्ण पाळी उभे राहा.

साध्या कापडाला उभ्या धाग्यांचा एक बीम पुरतो, टेरीला दोन लागतात. एक पायाच्या ताण्याचा, तो घट्ट ताणलेला असतो. दुसरा फराच्या ताण्याचा, तो सैल सोडलेला असतो. तीन आडव्या धाग्यांच्या टेरीत पहिले दोन धागे फणी कापडाच्या कडेपासून थोड्या अंतरावर ठेवते आणि तिसऱ्याच्या वेळी तिन्ही एकदम कडेला ठोकते. घट्ट ताण्यावरून ते पुढे सरकतात आणि सैल ताण्याचा फुगून फास तयार होतो. टॉवेलचा मऊपणा तो हाच. आता विचार करा, फराच्या बीमचा ताण थोडासा वाढला तर काय होईल? फास बुटके होतील, टॉवेल हलका भरेल आणि ग्राहक माल परत पाठवेल. कसबी कामगार हे कापडावर तळहात फिरवून ओळखतो, वजनकाट्यापर्यंत जायची वाट बघत नाही.

हे पाहिलं की अध्ययन निष्पत्ती, म्हणजे शिकल्यावर काय करता आलं पाहिजे ती विधानं, आपोआप नेमक्या होतात. 'कामगाराला टेरी विणकामाची माहिती असेल' हे वाक्य तपासता येत नाही, म्हणून ते खोडा. त्याऐवजी लिहा: 'फास बुटके पडत असल्याचं ओळखतो, माग थांबवतो, फराच्या बीमचा ताण तपासतो, स्वतःला जमणारी दुरुस्ती करतो आणि न जमणारी जॉबरला योग्य शब्दांत सांगतो.' आणखी एक: 'तुटलेला उभा धागा शोधून, गाठ मारून, योग्य हिल्ड (उभा धागा वर-खाली करणारी तार) आणि फणीच्या योग्य घरातून ओवून, कापडावर दोष न दिसता माग पुन्हा सुरू करतो.'

मात्र तुकडे किती करायचे यालाही मर्यादा हवी. इंग्लंडमध्ये १९८६ पासून आलेल्या एनव्हीक्यू पात्रतांनी कामाचे इतके बारीक तुकडे केले, की मूल्यांकन म्हणजे खुणा करत जाण्याचं काम झालं. दक्षिण आफ्रिकेत १९९५ च्या कायद्यानंतर एकक-मानकांचा, म्हणजे कामाच्या एकेका तुकड्यासाठीच्या मानकांचा, असाच डोंगर उभा राहिला, आणि २००८ मध्ये नव्या कायद्याने व्यवस्थेची फेरमांडणी करावी लागली. माझं मत असं: एका पात्रतेत आठ ते बारा ठोस निष्पत्ती असाव्यात. त्याहून जास्त झाल्या तर तपासनीस त्या वाचणार नाही, आणि न वाचता खूण करेल.

तिसरी पायरी: परीक्षा आधी लिहा, अभ्यासक्रम नंतर

आपल्याकडे क्रम उलटा असतो. आधी पाठ्यक्रम, मग पुस्तक, मग तास, आणि परीक्षा शेवटच्या आठवड्यात कोणीतरी काढतो. प्रत्येक निष्पत्तीसमोर आधी लिहा की ती येते हे कोणत्या पुराव्याने पटेल. प्रत्यक्ष मागावर, तोंडी प्रश्नांनी की लेखी? टेरी मागाच्या बाबतीत निम्म्याहून खूप जास्त भार मागावरच्या प्रात्यक्षिकाला हवा.

भाषेचा प्रश्न सोलापुरात टाळताच येत नाही. इथे घरात तेलुगू, गल्लीत मराठी, बाजारात कन्नड आणि हिंदी असं रोजचं चालतं. पूर्व भागातल्या यंत्रमाग वस्तीत पिढ्यान्‌पिढ्या माग चालवणाऱ्या कुटुंबांमध्ये तेलुगू बोलली जाते. अशा कामगारापुढे टॅब्लेटवर इंग्रजी पर्यायी प्रश्न ठेवले तर त्या परीक्षेत विणकाम मोजलं जात नाही, इंग्रजी वाचन मोजलं जातं. तोंडी प्रश्न उमेदवाराच्या भाषेत विचारा. प्रश्नांचा मसुदा या चारही भाषांत कामगारांकडूनच बोलून घ्या, म्हणजे शब्द कारखान्यातले येतील. वाचता न येणं हे ज्या कामात अडचणीचं आहे, म्हणजे सुरक्षेच्या सूचना किंवा यंत्रावरचे आकडे, तिथे वाचन जरूर तपासा, पण त्याची वेगळी निष्पत्ती करा.

दुसरा धोका बेरजेचा. शंभरपैकी साठ गुणांना उत्तीर्ण ठरवलं, तर चालू मागात हात घालणारा उमेदवारही इतर गुणांच्या जोरावर पास होतो. म्हणून काही चुका 'अक्षम्य' म्हणून आधीच जाहीर करा. चालू मागात हात घातला की प्रात्यक्षिक तिथेच थांबतं, बाकीचे गुण कितीही असोत.

उत्तीर्णतेची रेषा कुठे आखायची? साठ टक्के ही सवय झाली, तिला कारण नाही. अँगॉफ पद्धत नावाची एक चांगली पद्धत जगभर वापरली जाते, ती इथे सहज जमते. पाच-सहा अनुभवी जॉबर आणि मुकादमांना बसवा. त्यांना सांगा, 'जेमतेम चालेल, पण माग सोपवता येईल असा कामगार डोळ्यांसमोर आणा. असे शंभर कामगार असतील तर त्यातले किती जण हा प्रश्न बरोबर सोडवतील?' प्रत्येकाने आपला आकडा आधी गुपचूप लिहायचा, मग चर्चा, मग हवा तर बदल. सरासरी काढा, सगळ्या प्रश्नांची बेरीज करा, तुमची रेषा मिळाली. ती त्रेपन्न येईल किंवा एकाहत्तर. पण कोणी विचारलं तर तुम्हाला कारण सांगता येईल.

चौथी पायरी: स्तर आणि श्रेयांक

हे काम आकर्षक दिसतं, म्हणून लोक इथूनच सुरुवात करतात. खरं तर आधीच्या तीन पायऱ्या नीट झाल्या असतील तर हे एका बैठकीत उरकतं. चौकटीतले स्तर-वर्णन ज्ञान, कौशल्य, रोजगारसज्जता, अध्ययनाचे परिणाम आणि जबाबदारी अशा अंगांनी लिहिलेले आहेत. तुमच्या निष्पत्ती त्यांच्याशेजारी ठेवून वाचा. ठरलेलं काम ठरलेल्या पद्धतीने करणारा कामगार आणि दहा मागांच्या बिघाडाची जबाबदारी घेणारा जॉबर एका स्तरावर बसूच शकत नाहीत. विद्यार्थी जास्त येतील म्हणून स्तर वर ढकलायचा मोह होतो. तो टाळा, कारण खोटा स्तर पहिल्या नोकरीतच उघडा पडतो, आणि पुढच्या प्रत्येक तुकडीला त्याची किंमत मोजावी लागते.

श्रेयांकांचं गणित सोपं. एकूण ३६० तासांचं अध्ययन असेल तर १२ श्रेयांक. या तासांत वर्ग, मागावरचा सराव, स्वतःचा अभ्यास आणि मूल्यांकन सगळं येतं. रोजगारक्षमता कौशल्यांचे ३०, ६०, ९० किंवा १२० तासांचे तयार घटक एनसीव्हीईटीने दिले आहेत. ते जोडा, पण कामाच्या तासांवर त्यांचं आक्रमण होऊ देऊ नका.

पाचवी पायरी: शिकवणारा आणि तपासणारा वेगळे करा

माझ्या दृष्टीने सगळ्या सुधारणेचा कणा हा आहे. शारदा प्रसाद समितीने २०१६ मध्ये क्षेत्रीय (उद्योगनिहाय) कौशल्य परिषदांची पाहणी केली तेव्हा हितसंबंधांची गुंतागुंत हाच मोठा आक्षेप नोंदवला. मानकं ठरवणं, प्रशिक्षण, मूल्यांकन आणि प्रमाणपत्र ही कामं एकाच वर्तुळात फिरत होती. आज एनसीव्हीईटी प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांना आणि मूल्यांकन करणाऱ्या संस्थांना स्वतंत्र मान्यता देते, त्यामागे हाच विचार आहे.

नियम आला म्हणून प्रश्न सुटत नाही. तपासनीस बाहेरचा असला तरी त्याचा पुढचा कॉल त्याच केंद्राकडून येणार असेल तर त्याचा हात सैल पडतोच. स्थानिक पातळीवर हे करता येतं:

- तपासनीस केंद्राने निवडायचा नाही. बार्शी, पंढरपूर, अक्कलकोट, सोलापूर अशा केंद्रांची सामायिक यादी करा आणि चिठ्ठीने नाव काढा.
- दोघांपैकी एक तपासनीस चालू कारखान्यातला जॉबर असू द्या. त्याचा दिवस बुडतो, त्याचे पूर्ण पैसे द्या.
- शाल, श्रीफळ, जेवणावळ निकाल सीलबंद झाल्यावर. आपल्याकडे पाहुण्याचा मान राखायची पद्धत आहे आणि ती चांगलीच आहे. पण सकाळी सत्कार स्वीकारलेल्या माणसाला दुपारी नापास लिहिणं जड जातं.
- प्रात्यक्षिकाचं मोबाइलवर चित्रण ठेवा. सगळं तपासायची गरज नाही. दर तुकडीतले काही उमेदवार, त्यातही रेषेच्या अगदी वर-खाली असलेले, तिसऱ्या माणसाने पुन्हा बघावेत.

सगळेच्या सगळे पास झालेली तुकडी दिसली तर अभिनंदनाचा फलक लावण्याआधी चित्रण मागवा.

सहावी पायरी: दोन तपासनीस किती जुळतात ते मोजा

गुणवत्ता हमी हा शब्द अहवालात खूप असतो, पण आकडा क्वचित असतो. एक छोटा प्रयोग करा. समजा वीस उमेदवार आहेत. दोन तपासनीसांनी एकमेकांशी न बोलता प्रत्येकाचं प्रात्यक्षिक बघून 'येतं' किंवा 'अजून नाही' लिहायचं. अठरा ठिकाणी दोघं जुळले. नव्वद टक्के, छान वाटतं. आता खोलात बघा. सतरा जणांना दोघांनीही 'येतं' म्हटलं, एकाला दोघांनीही 'अजून नाही', आणि उरलेल्या दोघांबद्दल मतभेद. म्हणजे ज्या तीन उमेदवारांबद्दल कुणाला तरी शंका आली, त्यातल्या एकाबद्दलच एकमत झालं. सगळ्यांना पास करणारे दोन तपासनीस नेहमीच जुळतात. त्यामुळे टक्केवारीपेक्षा मतभेदाच्या जागा वाचा.

मग दोघांना समोरासमोर बसवा आणि विचारा, तुम्ही नेमकं काय बघितलं? बहुतेक वेळा असं निघतं की निकषात 'व्यवस्थित गाठ' लिहिलेलं होतं. एकाच्या मते गाठ सुटली नाही म्हणजे व्यवस्थित, दुसऱ्याच्या मते फणीतून जाताना अडकली नाही म्हणजे व्यवस्थित. दोष तपासनिसाचा नव्हता, निकषाचा होता. निकष दुरुस्त करा: 'गाठ ओढून सुटत नाही, शेपट्या कापलेल्या आहेत आणि गाठ फणीतून न अडकता जाते.' पुढच्या तुकडीत पुन्हा मोजा.

लेखी प्रश्नांचंही असंच. जो प्रश्न एकूण हुशार ठरलेल्यांना चुकतो आणि कच्च्यांना बरोबर येतो, तो प्रश्न बिघडलेला आहे. भाषांतर, उत्तरसूची किंवा प्रश्नाचा रोख, यांपैकी काहीतरी चुकलंय. तो काढून टाका.

सातवी पायरी: ज्यांना काम येतं त्यांना पुन्हा शाळेत बसवू नका

सोलापुरात आधीच काम येणारी माणसं मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्यासाठी पूर्वशिक्षणाची मान्यता, म्हणजे आरपीएल, हा मार्ग आहे. तो बदनाम झाला तो घाईघाईने उरकल्यामुळे: तासाभराचं भाषण, फोटो, प्रमाणपत्र. नीट करायचं तर क्रम असा ठेवा. आधी मोकळी मुलाखत, त्यात कोणत्या मागांवर, कोणतं काम, किती काळ केलं ते समजून घ्या. मग त्याच्या ओळखीच्या मागावर प्रात्यक्षिक. अनोळखी मागावर उभं केलं तर वीस वर्षांचा कसबीही गोंधळतो. नंतर फक्त कमी पडलेल्या निष्पत्तींचं प्रशिक्षण. निकाल तीन प्रकारचे असू द्या: पूर्ण पात्रता, काही निष्पत्तींचे श्रेयांक किंवा 'अजून नाही'.

नगावर मजुरी घेणाऱ्याचा अर्धा दिवस म्हणजे त्या संध्याकाळचा घरखर्च आहे. प्रात्यक्षिक त्याच्या पाळीतच घ्या, किंवा बुडालेली मजुरी भरून द्या. ही रक्कम योजनेच्या अंदाजपत्रकात सुरुवातीलाच धरा. धरली नाही तर येतील ते रिकामे असलेलेच, आणि तुमची पात्रता भर कामात असलेल्या कसबी माणसापर्यंत पोचणारच नाही.

वाइंडिंग, शिलाई आणि गणवेश उद्योगातल्या बायांसाठी केंद्र वस्तीजवळ हवं. शहराबाहेर कुंभारीपर्यंत वस्ती पसरली आहे आणि दोन बस बदलून परीक्षेला येणं होत नाही.

आठवी पायरी: विद्यापीठाशी जोडणी

पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ २००४ मध्ये एका जिल्ह्यासाठी स्थापन झालं. याचा फायदा घ्यायला हवा, कारण अभ्यास मंडळ, महाविद्यालयं आणि कारखाने एकाच जिल्ह्यात आहेत. श्रेयांक 'अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स' या डिजिटल खात्यात जमा होतात, ही व्यवस्था २०२१ पासून आहे, आणि ते साधारणतः सात वर्षांपर्यंत वापरता येतात. कामगाराच्या मुलीने बारावीनंतर हे श्रेयांक मिळवले तर पदवीत कुठे मोजले जातील, हे अभ्यास मंडळाच्या ठरावात लेखी हवं. तोंडी 'बघू' वर कोणाचंही वर्ष सोपवू नका.

नववी पायरी: सहा महिन्यांनी फोन करा

प्रमाणपत्र वाटल्यावर खरं काम सुरू होतं. सहा महिन्यांनी प्रत्येक उमेदवाराला फोन करा: कुठे आहेस, मजुरी किती, जे शिकलास त्यातलं काय वापरतोस? मालकालाही विचारा: प्रमाणपत्र असलेल्याला तुम्ही पुन्हा मागावर उभं करून तपासलंत का? 'हो' ही उत्तरं तुकडीगणिक कमी होत गेली तर पात्रतेवर विश्वास बसतोय असं समजा.

राष्ट्रीय नोंदवहीत प्रत्येक पात्रतेला मुदत असते. मुदत संपायच्या वर्षभर आधी पुनरावलोकन सुरू करा. कोणी वापरत नसेल तर पात्रता मागे घ्या. न्यूझीलंडने २००८ नंतरच्या पुनरावलोकनात आपल्या पात्रतांची संख्या हजारांनी कमी केली.

मागे घेताना तीन गोष्टी लेखी ठेवा. सध्या शिकत असलेल्यांना जुन्याच निकषांनी पूर्ण करायची मुदत किती. जुन्या प्रमाणपत्राचा स्तर आणि श्रेयांक पुढे कसे मोजले जातील. आणि दहा वर्षांनी एखाद्या कामगाराचं प्रमाणपत्र पुरात किंवा घर बदलताना हरवलं, तर त्याची नोंद कोणत्या कार्यालयात, कोणाकडे मागायची. संस्था बंद पडली तरी ही नोंद शाबूत राहावी म्हणून तिची प्रत डिजिलॉकरमध्ये आणि प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेकडे, दोन्हीकडे, पहिल्या तुकडीपासूनच जमा करत जा.